मंगळावरच्या किल्ल्यावरही मावळेच!

पेठेतले_काका
आमच्या सोसायटीत दिवाळीला पोरांच्या किल्ल्यांचं खातं माझ्याकडे. यंदा म्हटलं, शिवनेरी-राजगड पुरे, 'कोणीच कधी पाहिला नाही असा किल्ला' करा. चार दिवस पार्किंगमध्ये माती, पोती, विटांचा नुसता राडा. बघायला गेलो तर सहाच्या सहा किल्ल्यांना बुरूज, पायऱ्या, हळीव पेरून आणलेली हिरवळ, माथ्यावर महाराज आणि गुहेत प्लॅस्टिकचा वाघ. एकाचा मंगळावरचा होता. म्हणजे काय, तर गेरू जास्त. मावळे तेच, कुंभारवाड्यातले, गेल्या वर्षी भाला मोडलेले.
पोरांची कल्पनाशक्ती आटली की काय? (मोबाइलवर खापर फोडू नका, ते मी घरी रोज फोडतो.)

डेक्कनची_मावशी
काका, पोरांचं काय घेऊन बसलात! थॉमस वॉर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९९४ चा अभ्यास आहे. कॉलेजातल्या मुलांना परग्रहावरचा, इथल्यापेक्षा अगदी वेगळा प्राणी काढायला सांगितला. बहुतेकांच्या प्राण्याला डोळे, पाय, आणि डावी-उजवी बाजू सारखी!
१८३० च्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे पहिल्या वर्गाचे डबेसुद्धा घोडागाडीच्या तीन पेट्या एका सांगाड्यावर ठेवल्यासारखे दिसायचे. आपणही आगीला गाडी जोडली नि 'आगगाडी' म्हणून मोकळे झालो.

खडूवाले_सर
जर्मन चित्रकार ड्यूररचा गेंडा आठवला. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना दिलेला गेंडा १५१५ मध्ये लिस्बनला पोचला. ड्यूररने तो पाहिलाच नव्हता. वर्णन आणि कच्च्या रेखाटनावरून त्याने चित्र केलं, तर कातडीचं झालं चिलखत, वर खांद्यावर एक जादा शिंग. पुढे कितीतरी वर्षं युरोपात गेंडा म्हणजे तोच.
काका, चूक तुमची. तुम्ही पोरांच्या हातात 'किल्ला' हा शब्द दिलात, त्याच्या मागोमाग बुरूज येणारच. शब्द काढून घ्या, काम द्या. 'पावसात मुंग्या बुडू नयेत अशी जागा करा' म्हणा.

पोहे_आणि_शंका
पण साच्याशिवाय सुचतं तरी का? मला तर पोह्यांत शेंगदाण्याऐवजी काजू घालण्यापलीकडे काही सुचत नाही.

पेठेतले_काका
सर, केलं. चूक माझी म्हणालात ते घरी वाचून दाखवलं नाही.
चौघांनी मातीचा उंचवटा केला, म्हणजे बिनबुरुजांचा किल्लाच. पण पहिल्या मजल्यावरच्या एका मुलीने पेरूच्या फांदीला सुतळीने करवंटी टांगली, आत कोरडा पाला. कुठून सुचलं विचारलं, तर गावी आजी मुंग्या लागू नयेत म्हणून खाऊ शिंक्यात ठेवते. हिने मुंग्यांनाच शिंक्यात बसवलं! पोहेवाले, साचा होताच, फक्त उलटा घातला.
मी खूश होऊन फोटो काढायला वाकलो, तर करवंटीच्या काठावर भाला मोडलेला मावळा.
"हा कशाला गं?"
"काका, पहारा नको?"