मदत हवी आहे : ‘फेअर इनफ’ नेमकं कधी म्हणायचं?

नमस्कार मंडळी, ‘फेअर इनफ’ हा शब्दप्रयोग सतत कानावर पडतो. ‘आय अ‍ॅम टू टायर्ड टू कम’ असं कुणी म्हटलं आणि समोरचा ‘फेअर इनफ’ म्हणाला, तर ‘बरं, कारण पटलं’ हा अर्थ सरळ लागतो. इथे काही अडत नाही.

गोंधळ होतो तो वादात. ‘फेअर इनफ, बट...’ अशी सुरुवात झाली की मुद्दा रास्त मानलाय, पण मत मात्र बदललेलं नाही, असं मला वाटतं. म्हणजे हा पूर्ण होकार नव्हेच ना? आणि पुढे काहीच न बोलता नुसतं ‘फेअर इनफ’ म्हणून कुणी थांबलं, तर मनापासून पटलंय की ‘जाऊ दे, विषय संपवा’ असं सुचवायचंय? बोलताना सुरावरून कळतं, पण लेखी निरोपात कसं ओळखायचं?

मला जास्त काळजी ऑफिसच्या ईमेलची आहे. वरिष्ठांनी एखादी सूचना नाकारून कारण दिलं, तर उत्तरात ‘फेअर इनफ’ लिहिणं उद्धट वाटेल का? तिथे ‘दॅट मेक्स सेन्स’ जास्त अदबीचं वाटतं. रोज इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी उदाहरणं देऊन सांगितलं तर फार मदत होईल.