सोडियम कॅकोडायलेट बफर वापरायचाच का? टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) केलेल्यांनी सांगा

झूलॉजीवाली_कोल्हापूर: नमस्कार, मी इथं एमएस्सी करते, प्रोजेक्ट पंचगंगेतल्या गोगलगायींवर आहे आणि त्यांच्या हेपॅटोपँक्रियाजचे (पचनग्रंथीचे) टीईएमसाठी सॅम्पल फिक्स करायचेत, म्हणजे टिश्यू आहे तसा टिकवायचाय. सरांनी दिलेल्या प्रोटोकॉलमध्ये ग्लुटाराल्डिहाइड हे फिक्सेटिव्ह 0.1 मोलर सोडियम कॅकोडायलेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) बनवायचं लिहिलंय. बाटलीवर कवटीचं चिन्ह बघितलं, मग वाचलं तर चक्क आर्सेनिकचं कंपाउंड. घरी सांगितलं तर आई म्हणाली, सोमल हातात घेऊन कसला अभ्यास करतीस. फॉस्फेट बफर असताना हे कशाला वापरतात? आणि उरलेलं टाकायचं कुठं, एकजण म्हणाला बेसिनमध्ये भरपूर पाणी सोडून ओत, मला ते काही पटेना.

सेक्शनवाला_दादा: पटलं नाही ते बरंच झालं ताई, बेसिनमध्ये अजिबात ओतू नकोस. आधी कशाला वापरतात ते सांगतो. पेशीची मेम्ब्रेन (पातळ आवरण) नीट टिकावी म्हणून फिक्सेटिव्हमध्ये थोडं कॅल्शियम क्लोराइड घालतात, आणि गोगलगायीच्या टिश्यूत मुळातच कॅल्शियम भरपूर. फॉस्फेट असलं की कॅल्शियमबरोबर साका बसतो आणि मग मायक्रोस्कोपखाली काळे बारीक कण दिसतात, ते पेशीतले आहेत का बफरचे हेच कळत नाही. कॅकोडायलेटमध्ये ही भानगड नाही. शिवाय फॉस्फेटच्या बाटलीत काही दिवसांनी बुरशीचे तंतू तरंगायला लागतात तसं यात होत नाही, विषारी असल्यामुळं काही वाढतच नाही.

फार्माकोलॉजी_मॅडम: आईंची काळजी बरोबर आहे पण सोमल आणि हे एक नव्हे. सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, तीन व्हॅलन्सीचं. कॅकोडायलेटमधलं आर्सेनिक पाच व्हॅलन्सीचं आणि त्याला दोन मिथाइल गट जोडलेले, त्यामुळं एकदम जीव जाण्याचा धोका बराच कमी. आपल्या पोटात पाण्यातून आर्सेनिक गेलं तर लिव्हर त्याचं हेच डायमिथाइल रूप करून लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून पूर्वी याला जवळपास निरुपद्रवी समजायचे. पण उंदरांना खाऊ घातल्यावर मूत्राशयाचा कॅन्सर झालेला दिसलाय आणि कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ते माणसाला कॅन्सर करू शकेल अशा गटात, 2बी मध्ये, टाकलंय. तेव्हा पावडर वजन करताना फ्यूम हूड, ग्लोव्हज, आणि सांडलं तर ओल्या टिश्यूनं पुसायचं, कोरडं झाडायचं नाही. पीएच लावताना ॲसिड पातळ घे आणि धातूचं भांडं किंवा चमचा त्यात नको, ॲसिड आणि धातू मिळून आर्सिन वायू सुटू शकतो, तो फार वाईट.

शिरोळचा_शेतकरी: मी केमिस्ट्रीचा न्हाई पण हे नाव ऐकून थांबलो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेनं एजंट ब्लू फवारला त्यात कॅकोडायलिक ॲसिड आणि त्याचंच सोडियम मीठ होतं, भाताची उभी पिकं वाळवायला, लोकांना खायला मिळू नये म्हणून. पुढं अमेरिकेत कापसाची पानं गाळायला आणि तणनाशक म्हणून पण वापरायचे, 2009 मध्ये बंद करायचं ठरलं. पिकावर मारलेलं पान वाळलं तरी आर्सेनिक मातीतच राहतंय, ते जाणार कुठं? नदीच्या खालच्या अंगाला आमची शेतं आहेत, त्यामुळं बेसिनचा सल्ला वाचून लई राग आला.

सेक्शनवाला_दादा: काका, बरोबर बोलला. ताई, हिशोब बघ. 0.1 मोलर म्हणजे लिटरला साडेसात ग्रॅम आर्सेनिक. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे नुसत्या 100 मिली बफरमधलं आर्सेनिक 75 हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. बेसिनमधून गटार, गटारातून जयंती नाला, नाल्यातून पंचगंगा, जिथून तुझ्या गोगलगायी आल्यात. आर्सेनिक हे मूलद्रव्यच आहे, उकळून, जाळून, पातळ करून नाहीसं होत नाही. पहिल्या धुण्याचं पाणीसुद्धा घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत जमा कर, वर आर्सेनिक, ग्लुटाराल्डिहाइड आणि तारीख लिही. नंतरच्या फिक्सिंगला वापरतात त्या ऑस्मियमची बाटली वेगळी. भरली की विभागामार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या घातक कचरा उचलणाऱ्यांकडंच द्यायची.

झूलॉजीवाली_कोल्हापूर: खूप आभार सगळ्यांचे, काका तुमचे विशेष. आर्सेनिक नसलेला पर्याय कुठला?

फार्माकोलॉजी_मॅडम: पाइप्स (PIPES) किंवा हेपेस (HEPES) हे बफर बघ, दोन्हीत कॅल्शियमचा साका बसत नाही. सरांना विचारून एकाच गोगलगायीचे तुकडे कॅकोडायलेट आणि पाइप्स दोन्हीत फिक्स कर, मेम्ब्रेन सारखीच दिसली तर पुढची सगळी सॅम्पल पाइप्समध्येच करता येतील.