पोट: तुमच्या बोलण्यातलं, तुमच्या घरातलं

जठर डॉक्टरांकडे, कूस आईकडे, उदर बहुधा देवाकडे. दामोदर हे नावच घ्या: दाम म्हणजे दावं, ते ज्याच्या उदराला बांधलं तो. साधं ‘पोट’ मात्र सगळीकडे चालतं. वर्गात शिकवताना याचे अर्थ मला पुस्तकांपेक्षा माणसांकडूनच जास्त मिळाले, म्हणून गोव्यातल्या मराठी मंडळींना विनंती, आपापलं पोट इथे मांडा. – फोंडा

आमचं शेत दिवाडीला. भात पोटरीला आलं की वरच्या पानाचं आवरण फुगतं, आत कणीस भरत असतं. बोटांनी हलकेच दाबलं की आतला मऊ गाभा कळतो. याच दिवसांत पाण्याची ओढ बसली तर दाणे पोचट निघतात, म्हणून बाबा रोज सकाळी बांध बघून यायचे. आम्हा पोरांना आई तेव्हा शेतात उतरू देत नसे. म्हणायची, “पोटुशी आहे ते, धक्का लावू नका.” कणीस निसवलं, म्हणजे बाहेर पडलं, की मगच मोकळीक. भातासाठी ‘पोटुशी’ हा शब्द मी शहरात कुणाच्या तोंडी ऐकला नाही, याचं फार वाईट वाटतं.

वकिली करतो, म्हापसा. आमच्याकडे पोट म्हणजे एकाच्या आत दुसरं: पोटकलम, पोटभाडेकरू. मनोहर पर्रीकर गेल्यावर मे २०१९ मध्ये पणजीत झाली ती पोटनिवडणूकच.

सांगे. मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या आणि आमचे ट्रक दाराशी उभे राहिले. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, “पोटावर पाय आला.” दादा हप्त्यांचा हिशेब मांडायचा तेव्हा माणसं मोजत नसे, “घरात पोटं किती?” असं विचारायचा. म्हातारी आजी, तान्हं बाळ, सगळी त्यात आली. पोट म्हणजे अख्खा माणूस, हे मी तेव्हा ऐकलं.

मडगावात नर्स आहे. “पोटात दुखतं” म्हणणाऱ्या बाईला आधी विचारते, वर की ओटीपोटात? निम्मं निदान तिथे होतं. लाजून बायका ‘ओटी’ म्हणत नाहीत, सगळ्यालाच पोट म्हणतात. नव्या मुलींनो, विचाराच.

डिचोली. घराच्या वाटणीवरून काकांचं आणि बाबांचं बोलणं तुटलं होतं. चवथीला काकी स्वतः आल्या, म्हणाल्या, “भावजी, झालं गेलं पोटात घाला.” बाबांनी घातलं. गणपती पुन्हा एकत्र बसतो, वाटणीचे कागद अजून व्हायचेत.