झग्याच्या घड्या आणि एअरब्रश: ब्लेंडिंग आधी हातानंच शिकावं

शहापूरचा_मावळा

गेल्या रविवारी टिळकवाडीत एका मित्राच्या गच्चीवर आम्ही पाचजण मिनिएचरचा, म्हणजे बोटभर रंगवलेल्या पुतळ्यांच्या फौजांचा, युद्धखेळ खेळायला बसलो होतो. एका नवीन मुलानं त्याचा सरदार आणला होता, अंगावर लांब लाल झगा. खांद्याशी केशरी, पायाशी जवळजवळ काळपट लाल, आणि मध्ये जोड म्हणून कुठे दिसत नाही. सगळे वाह म्हणाले, मीही म्हणालो. मग हातात घेऊन उजेडात धरला तर घड्याच मेलेल्या. घडीचा उंचवटा आणि तिच्या आतली खोबण, दोन्हींवर एकच रंग. अख्खा झगा एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या गननं, वरून खाली एका दमात मारलेला.

म्हणून स्पष्टच लिहितो. पहिली वीसेक मिनिएचर ब्रशनंच रंगवा, एअरब्रश नंतर घ्या. ब्रशनं ब्लेंडिंग करताना, म्हणजे एक रंग दुसऱ्यात मिसळवत नेताना, प्रत्येक थराला ठरवावं लागतं की उजेड कुठून येतोय आणि ही घडी त्याच्याकडे तोंड करून आहे की पाठ. ते ठरवणं हीच खरी विद्या.

माझी पद्धत सांगतो. कुंद्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा, तळाला ओला स्पंज, वर बेकिंग पेपर. मेणाचा बटर पेपर नको, त्यातून पाणी वर येत नाही. यावर रंग दिवसभर ओला राहतो. गडद, मधला आणि उजळ असे तीन रंग दुधासारखे पातळ करून थर द्यायचे. जोड दिसतातच, ते पुसायला ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसेल इतका पातळ थर. रंगाच्या एका थेंबाला मीडियमचे (रंग पातळ करायच्या द्रवाचे) चार-पाच थेंब, ब्रश टिश्यूवर टेकवून जवळजवळ कोरडा करायचा आणि मगच ओढायचा. ब्रश जिथे उचलता तिथे रंग साचतो. म्हणजे सावली गडद करायची तर उजेडाकडून सावलीकडे ओढायचं. एवढं कळायला मला दोन वर्षं गेली. असे सात-आठ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. नुसतं पाणी ओतलंत तर रंग धरून ठेवणारं बाइंडर विरळ होतं आणि वाळताना चहाच्या कपाखालच्या डागासारखी कडा उरते.

गन_आणि_मूर्ती

दादा, त्या पोराची चूक गनच्या माथी मारू नका. आमच्या घरी तीन पिढ्या गणपतीच्या मूर्ती होतात. अंगाचं शेडिंग गननंच करतो आम्ही. गालाची गोलाई, पोटाखालची सावली, कोपराची वळी, सगळं. माझे वडील वळीच्या आत रंग टाकताना कॉम्प्रेसरचा दाब कमी करतात, मूर्तीच्या अगदी जवळ जातात आणि घोडा इतका हलका ओढतात की बाहेर येणारा रंग डोळ्याला दिसत नाही, फक्त पृष्ठभाग हळूहळू बदलतो. याला हातानं रंगवणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? फक्त डोळ्यांची आखणी ब्रशनं, तिथे गनचं काम नाही.

मिनिएचरला मी 0.3 मिलिमीटरची सुई आणि 15 ते 20 पीएसआय दाब वापरतो. आधी काळा प्रायमर, म्हणजे रंग धरायला लागणारा अस्तराचा थर, सगळीकडे, मग पांढरा फक्त वरून तिरका. दोन मिनिटांत प्रत्येक घडीवर उजेड कुठे पडतो ते समोर दिसतं. तुम्ही म्हणता ती विद्या या दोन मिनिटांत जितकी शिकायला मिळते तितकी वीस मिनिएचरांत मिळत नाही. आणि ड्रॅगनचा वीतभर पंख जांभळ्यातून केशरीत न्यायचा असेल तर ग्लेझ करत दहा रात्री बसणार का?

शहापूरचा_मावळा

वरून पांढरा मारायची गोष्ट मान्य, मीही आता तसंच करीन. पण तुझ्या वडिलांचा हात तीस वर्षांचा आहे. तुमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी मूर्तीवर गन देतात का?

गन_आणि_मूर्ती

नाही देत. आधी रद्दीवर ठिपके आणि रेघा, निदान एक हंगाम. पण ते शिक्षण गनचंच असतं, ब्रशचं नाही. तुम्ही पोहायला शिकणाऱ्याला आधी सायकल चालवायला लावताय.

निपाणी_ड्रायब्रश

मला मुळात हा गुळगुळीतपणाचा हट्टच पटत नाही ओ. दिवाळीला किल्ला करतो की आपण. तटावरचे मातीचे मावळे कोण हातात घेऊन बघतंय? उभं राहून, तीन-चार फुटांवरून बघतात. पिवळा अंगरखा, लाल पगडी, मिशीची एक काळी रेघ. तेवढ्यावर मावळा ओळखू येतो, तटावर उठून दिसतो. टेबलावरची फौज तशीच वरून, लांबून बघायची असते. त्या अंतरावर तुमचे सात ग्लेझ एकमेकांत मिसळून एकच मधला रंग होतो. माझी जाड रेघ, सावलीपेक्षा कितीतरी उजळ, ती मात्र दिसते.

चाळीस सैनिकांची पलटण आहे माझी. गेम्स वर्कशॉप कंपनीनं 2019 साली आपल्या सिटाडेल ब्रँडचे कॉन्ट्रास्ट रंग काढले, तेव्हापासून मी पांढऱ्या प्रायमरवर एक हात मारतो आणि कडांना ड्रायब्रश करतो, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश वरून घासतो. खोबणीत रंग साचून सावली आपसूक होते. चामड्याच्या, गोणपाटाच्या कपड्याला तर थोडा खरखरीतपणाच शोभतो.

खानापूर_चित्रकला

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि मिनिएचर रंगवायला लागून मला सहा वर्षं झाली. निपाणीकरांचं निम्मं बरोबर आहे. लांबून दिसतो तो उजेड-सावलीतला फरक, गुळगुळीतपणा नव्हे. पण गुळगुळीत आणि सपाट हे दोन वेगळे दोष-गुण आहेत, ते एकत्र करू नका. शहापूरकरांच्या त्या सरदाराचा झगा सपाट होता.

कॉन्ट्रास्टबद्दल मात्र माझा विरोध नोंदवतो. तो रंग खोबण बघतो, उजेड बघत नाही. डोक्यावर आकाशाकडे तोंड केलेली खोबण असली तरी तिथे तो काळोखच करणार. सावली कुठे हवी हे माणसानं ठरवायचं, पातळ रंगानं कसं ठरवायचं? शिवाय सगळे एक हाताचे रंग सारखे नसतात. आर्मी पेंटर कंपनीचे 2022 चे पहिले स्पीडपेंट, तेही असेच एक हाताचे, वाळल्यावरही वरच्या ओल्या थरानं पुन्हा सुटायचे. माझा एक अख्खा घोडेस्वार असा चिखल झाला. पुढच्या वर्षी त्यांनी रंगाची घडणच बदलली.

आणि ब्रश की गन या वादात आपल्याकडची हवा कुणीच धरली नाही. ओल्यात ओला रंग मिसळायचा तर आमच्याकडे जुलै उत्तम. बाहेर संततधार, आणि दोन रंगांमधली सीमा दुसऱ्या ओल्या ब्रशनं पुसायला भरपूर वेळ मिळतो. तेच एप्रिलमध्ये बेळगावात करा, ब्रश धुऊन आणेपर्यंत रंगाला साय धरलेली असते. तेव्हा ग्लेझच बरं, त्याला थर वाळलेलाच लागतो. उलट फवारायच्या डब्यातला प्रायमर पावसात मारू नये, पिठासारखा बसतो आणि त्यावर कुठलंच ब्लेंडिंग गुळगुळीत होत नाही. म्हणून मी सगळे प्रायमर मेच्या आत उरकून ठेवतो.

निपाणी_ड्रायब्रश

सर, आकाशाकडे तोंड केलेल्या खोबणीचं खरं आहे. माझ्या सैनिकांच्या शिरस्त्राणावर नेमकं तेच झालंय, आत्ता कपाट उघडून बघितलं. पण चाळीसजणांना ग्लेझ मी करणार नाही. सरदाराला करीन.

गन_आणि_मूर्ती

सरदाराला गन लावा, अण्णा. कॉम्प्रेसर माझा घ्या. गणेशोत्सव झाला की घरी तो मोकळाच असतो.

शहापूरचा_मावळा

रात्री एक प्रयोग केला. माझी स्वतःची चेटकीण, हिरवा झगा, नऊ ग्लेझ, माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम म्हणून मी ती सगळ्यांना दाखवतो. खिडकीत ठेवली आणि चार फूट मागे सरलो. झगा एकच हिरवा दिसला. घड्या गेल्या. त्या मुलाच्या झग्यात आणि माझ्यात त्या अंतरावर फरक नव्हता, हे लिहिताना जड जातंय.

ब्रशबद्दलचं मत मी सोडत नाही. पण माझी सावली फार भित्री आहे हे दिसलं. आज खोबणीत आणखी तीन ग्लेझ देतोय, थेट काळ्याकडे नेतो.

खानापूर_चित्रकला

काळा नको. हिरवा काळवंडून मातकट होईल. गर्द निळ्यात चिमूटभर जांभळा घाल, आणि उजेडाच्या बाजूला पांढऱ्याऐवजी फिका पिवळा. पांढरा घातलास तर हिरव्यावर खडू फासल्यासारखं दिसेल. पहिला थर वाळला की परत चार फुटांवरून बघ, मगच दुसरा दे.