टांकसाळ ढिम्म, म्हणून खाणवाल्यांनी पेनी पाडली : योग्य की अयोग्य?

नाणेवेडा : १७७५ नंतर लंडनच्या शाही टांकसाळीने तांब्याची नाणी पाडणं थांबवलं. तिकडे कारखाने वाढत होते, मजुरांचा पगार चुकता करायचा तर सुटे नाहीत, आणि होते त्यात खोट्यांचाच भरणा. अशात १७८७ साली वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीने स्वतःच्या खाणीतल्या तांब्याची पेनी काढली. एका बाजूला डोक्यावरून वस्त्र घेतलेला दाढीवाला ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित), भोवती ओकच्या पानांचा हार. दुसरीकडे धारकास एक पेनी देण्याचं वचन. कडेवरही अक्षरं : लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी इथे मागताक्षणी. वजन सुमारे २८ ग्रॅम! राजाच्या दोन हाफपेन्या मिळून २० ग्रॅमसुद्धा भरत नव्हत्या, आणि त्या बदलून द्यायला कुणी बांधीलही नव्हतं. कंपनीने लोकांची अडचण सोडवली, तीही चोख माल देऊन.

तिखटमीठ : साफ असहमत. अँगलसीच्या मजुराने लिव्हरपूलला जाऊन पेनी वटवायची? मालक देईल ते घ्यायचं, एवढंच त्याच्या हातात. आणि तुम्ही सगळ्यात चांगला नमुना उचललात. पुढच्या दहा वर्षांत हलकी टोकनं, म्हणजे अशी खासगी नाणी, किती आली बघा. काहींवर काढणाऱ्याचं नावच नाही, मग वटवायची कुणाकडे? ड्रुइडच्याही नकला झाल्याच. १८१७ च्या कायद्याने टोकनं बंद केली तेव्हा बर्मिंगहॅम आणि शेफील्डच्या गरीबगृहांच्या टोकनांना जादा मुदत द्यावी लागली, कारण ती गोरगरिबांच्याच खिशात होती.

जुनाबाजार : दोघांनाही बर्मिंगहॅमचा कारखानदार बोल्टन याचा विसर पडलाय. प्रवासात टोलनाक्यांवर सुटे म्हणून मिळणाऱ्या हाफपेन्यांत सरासरी दोन तृतीयांश खोट्या असतात, असं मॅथ्यू बोल्टनने १७८९ मध्ये लिहून ठेवलंय. बर्मिंगहॅमजवळच्या सोहोत त्याने नाणी पाडायची वाफेवरची यंत्रं बसवली, त्यांवर टोकनं पाडली. मुंबई इलाख्याचे १७९१ चे तराजूवाले तांब्याचे पैसे तिथलेच, आपल्याकडच्या बऱ्याच संग्रहांत आहेत. शेवटी १७९७ मध्ये सरकारनेही त्याच्याकडूनच एक औंसाची पेनी करून घेतली. टोकनवाल्यांनी वाट दाखवली, पण देशभर चालेल असं नाणं यायला सरकारी शिक्काच लागला.

नाणेवेडा : तिखटमीठ, निनावी टोकनांबद्दल तुमचं म्हणणं मान्य, ती फसवणूकच. पण मजुराचं नुकसान मोजताना टोकन नसतं तर त्याला काय मिळालं असतं, तेही मोजा. मालक खोटी हाफपेनी घाऊक भावात स्वस्तात घेऊन दर्शनी किमतीला पगारात देत. ती वटवायला तर लिव्हरपूलही नव्हतं.

तिखटमीठ : हा दोष टांकसाळीचा, त्याचं श्रेय कंपनीला का? वचन कायद्याने बांधलेलं हवं होतं : नाव, वजन आणि गावातच बदलून देण्याची सक्ती. एवढं असतं तर मीही तुमच्या बाजूने बोललो असतो.