नैरोबीत घरी भरवशाचं इंटरनेट हवंय: दोन खरोखर वेगळ्या लाइन कशा घ्यायच्या?

नमस्कार मंडळी,

पूर्व आफ्रिकेत राहणारं किंवा राहून गेलेलं कुणी असेल, किंवा नेटवर्किंगमधलं कळणारं, तर कृपया वेळ काढून वाचा. फार अडले आहे.

आम्ही तीन वर्षांपासून नैरोबीत आहोत. पार्कलँड्समध्ये सहा मजली इमारत, चौथा मजला, भाड्याचं घर. नवरा इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात आहे, त्याचं नेटवाचून काही अडत नाही. माझं सगळं त्यावरच आहे. मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि नाशिक, सांगली, कोल्हापूरकडची मुलं माझ्याकडे ऑनलाइन येतात. बरीचशी अडखळत बोलणारी. भारत अडीच तास पुढे, त्यामुळे मुलांची शाळा सुटल्यावरची चार ते आठ ही वेळ माझी इथली दीड ते साडेपाच होते. मला फक्त हे चार तास हवेत, आणि वेगही फार नको. २० एमबीपीएस मिळाले तरी पुरे, पण आवाज तुटायला नको.

गेल्या आठवड्यात एक नऊ वर्षांचा मुलगा, जो 'क'वर हमखास अडतो, मला सांगायला लागला, "काकांच्या गाईला कालवड झाली." तीन 'क' एका वाक्यात, आणि तो न घाबरता, सावकाश, शिकवलं होतं तस्सं म्हणत होता. "गाईला"पर्यंत आला आणि चित्र गोठलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून परत जोडेपर्यंत सहा मिनिटं गेली. तोवर तो उठून गेला होता. आईनं सांगितलं, "ताई, तो म्हणतोय तुम्ही ऐकतच नव्हता." अशा मुलाला आधीच वाटत असतं की लोकांना त्याचं ऐकायचा कंटाळा येतो. तेव्हापासून ठरवलंय, हे असं चालायचं नाही.

आता तांत्रिक भाग. सध्या एका कंपनीचं फायबर आहे (नाव मुद्दाम देत नाही). महिनाभर वहीत नोंद ठेवली. कामाच्या वेळेत ११ वेळा नेट गेलं. त्यात ७ वेळा फायबर जिला जोडतात त्या पांढऱ्या डबीवरचा 'एलओएस'चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे तारेतून माझ्यापर्यंत प्रकाशच येत नव्हता, तार कुठेतरी तुटलेली किंवा निघालेली. दोनदा दिवे सगळे हिरवे पण नेट नाही. बाकी दोनदा वीज गेली होती. राउटरला छोटा डीसी यूपीएस लावलाय, तो आरामात तीन तास चालतो, तरी नेट गेलंच, कारण तळमजल्यावर जिन्याखाली कंपनीची जी पेटी आहे तिला बॅकअप नाही. इमारतीचा जनरेटर फक्त लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. केअरटेकरला विचारलं, पेटीला जनरेटरची वायर दिली तर? तो म्हणाला, मालकाची परवानगी आणा. मालक मोम्बासाला असतो, फोन उचलत नाही.

आणि ते सात लाल दिवे. त्यातला एक मी डोळ्यांनी पाहिला. गॅलरीतून समोरचा विजेचा खांब दिसतो, त्यावर वरच्या बाजूला काळी पेटी आहे. फुंडी (इथे कुठल्याही कारागिराला हेच म्हणतात) शिडी लावून चढला, झाकण उघडलं, आत आठ जागा, आठही भरलेल्या. त्याने एक पिवळी वायर उपटून बाजूला लोंबकळत ठेवली आणि तिथे नवीन घातली. मी मागे वळून पाहिलं तर माझा दिवा लाल. खाली पळत गेले. तो बिचारा म्हणाला, मला नवीन जोडणी आजच द्यायला सांगितलीय, जागा नाही तर मी काय करू? त्याच्यावर राग नाही. पण तक्रार नोंदवल्यावर "तुमच्या भागात पावसामुळे बिघाड" असा मेसेज आला, तेव्हा खूप वाईट वाटलं. त्या दिवशी कडक ऊन होतं.

समुद्रातली केबल तुटते ते मी समजू शकते. १२ मे २०२४ला इस्सी आणि सीकॉम या दोन्ही एकदम तुटल्या तेव्हा फायबर, मोबाइल, सगळंच रांगायला लागलं होतं. त्याला घरात बसून इलाज नाही. खांबावरच्या पेटीला मात्र असायला हवा.

म्हणून दुसरी लाइन घ्यायची आहे, आणि खरी अडचण इथेच आहे. आमच्या इमारतीत आणखी एक फायबर कंपनी येते, पण तिची तार त्याच खांबावरून, त्याच जिन्याखाली येते. उद्या ट्रकने खांब पाडला किंवा रस्ता खोदताना चर उकरला तर दोन्ही एकदम जाणार. मग दुप्पट पैसे कशासाठी?

दुसरा पर्याय ५जी राउटर. सफारीकॉम आणि एअरटेल दोघांचंही ५जी इथे आहे. वीज गेल्यावर टॉवर किती वेळ तग धरतो आणि दुपारी आवाज तुटतो का, हे वापरणाऱ्याकडूनच ऐकायचंय. तिसरा स्टारलिंक, म्हणजे गच्चीवर डिश लावून थेट उपग्रहावरून नेट. केनियात जुलै २०२३ला आलं, नोव्हेंबर २०२४मध्ये नैरोबीत क्षमता भरल्यामुळे नवीन जोडण्या थांबल्या होत्या, नंतर पुन्हा सुरू झाल्या. पण गच्ची मालकाची, आणि शेजारी बारा मजली टॉवर चढतोय. थोडं आकाश झाकलं तर दर काही मिनिटांनी सेकंदभर तुटणारच ना? माझ्या कामात तो एक सेकंदच नडतो.

शिवाय एक लाइन गेल्यावर चालू कॉल न तुटता दुसरीवर जावा, असं घरगुती खर्चात जमतं का? दोन वॅनचे (म्हणजे दोन इंटरनेट लाइन जोडता येणारे) राउटर पाहिले, पण त्यात लाइन बदलताना कॉल तुटतो असं वाचलं. दोन्ही लाइन एकत्र बांधणारं काही कुणी वापरलंय का? नैरोबीत मिळणारं असेल तर उत्तम, नाहीतर नवरा डिसेंबरमध्ये पुण्याला जाणार आहे, तो आणेल. महिन्याला आठ हजार शिलिंगपर्यंत खर्च करायची तयारी आहे.

तोपर्यंत जुन्या फोनमध्ये वेगळ्या कंपनीचं सिम घालून तो शेजारी जोडूनच ठेवते आणि प्रत्येक मुलाला आधी सांगते, "चित्र थांबलं तर तू बोलत राहा, मी येतेच." त्या मुलाचं पुढचं सेशन सोमवारी दीड वाजता आहे. त्याआधी निदान ५जी की स्टारलिंक एवढं ठरलं तरी मोठं काम होईल.