आशा वेगळी, स्वप्नरंजन वेगळं

'सकारात्मक राहिलं की निम्मी अडचण तिथेच सुटते' हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. गॅब्रिएल ओटिंगन आणि थॉमस वॉडन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली वजन उतरवू पाहणाऱ्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. 'जमेल मला' असं वाटणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. पण बारीक झाल्याची गोडगोड चित्रं रंगवणाऱ्यांचं वर्षभरात इतरांपेक्षा साधारण ११ किलो कमीच उतरलं. (नमुना लहान, मान्य.)

माझंच सांगतो. थकलेल्या कर्जाची पत्रं मी सहा महिने फोडलीच नव्हती. कुणी विचारलं की म्हणायचो, 'होईल हो सगळं नीट!' शेवटी एका रात्री बसून एकूण आकडा कागदावर लिहिला. पोटात गोळा आला, पण त्या रात्री झोप मात्र लागली.